सालईटोल्याची मशीन

"ताई, आमची मशीन सुधरली का? कधी आणून राहिले?"

फोनवर सालईटोल्याची मैनाबाई होती. पिंपळझरीच्या शाळेच्या पटांगणात, मुग्धाच्या डोळ्यांसमोर, तीच मशीन ट्रकमधून उतरत होती.

शंकाच नव्हती. टाकीला डाव्या बाजूला पोचा होता. सालईटोल्यात उतरवताना टाकी दगडावर आदळली होती आणि पोचा फोटोत येऊ नये म्हणून मुग्धानेच तिथे झेंडूची माळ सोडली होती. समारंभानंतर थोड्याच दिवसांत मशीन दुरुस्तीला म्हणून नेली होती. आता तिच्यावर नवं स्टिकर होतं. त्यावर पिंपळझरीचं नाव होतं.

"मी करते फोन, मैनाबाई," एवढंच ती म्हणाली.

उमरेडच्या पुढच्या जंगलपट्ट्यातल्या गावांसाठी मिहान उद्योगवसाहतीतल्या तिच्या कंपनीने या मशीनची योजना काढली होती. तिकडे वीज नावापुरती आणि जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड. पोरांचे दात तपकिरी, बायकांचे गुडघे तरुणपणीच वाकलेले. ही मशीन उन्हावर चालायची आणि पाणी खरोखरच शुद्ध करायची. मुग्धा नुकतीच नोकरीला लागली होती. सालईटोला हा तिचा पहिला कार्यक्रम. शहरात महाल भागातल्या घरी तिने आईला त्याचे फोटो किती कौतुकाने दाखवले होते.

ती योजनेचा प्रमुख जितेंद्र याच्याकडे गेली.

"सर, ही सालईटोल्याची मशीन आहे."

"मग?" जितेंद्रने तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात सरकवला. "रोटेशन म्हणतात याला. गावं सात दाखवायची आहेत, मशीन एक आहे."

"तिथल्या हातपंपाचा दांडा आपण काढून आणला. पाणी विषारी आहे म्हणून. त्या बायका आता नाल्याचं पाणी भरतात."

"आधी काय बिसलेरी पीत होत्या?"

मशीन सुरू झाली. नळाला पहिली धार आली. हंडे-कळशा घेऊन उभ्या असलेल्या बायका नकळत दोन पावलं पुढे सरकल्या. जितेंद्रने नळाखाली ग्लास धरला, तो काठोकाठ भरला, खळखळून चूळ भरली आणि लाल पिंक सोलर पॅनलच्या पायाशी थुंकली. मग दुसरा ग्लास भरून हात धुतले. मुग्धाला त्याची किळस आली. ती पिंक सिमेंटवरून ओघळत होती, आणि कळशीभर पाण्यासाठी मैनाबाईच्या गावातल्या पोरी वाघाच्या रानातून नाल्याला जात होत्या.

पाहुण्यांच्या गाड्या आल्या. शाली निघाल्या. बचत गटाची अध्यक्ष सिंधूताई आरतीचं ताट घेऊन पुढे आली. सूत्रसंचालन मुग्धाकडे होतं. जितेंद्रने माइक तिच्या हातात दिला.

"ही मशीन नवी नाही," ती म्हणाली. "ही सालईटोल्याची आहे. तिथे फोटो काढले आणि दुरुस्तीच्या नावाखाली उचलून आणली. फोटो झाले की इथूनही नेतील."

जितेंद्रने माइक ओढून घेतला. पाहुणे एकमेकांकडे पाहत उठले आणि गाड्यांत जाऊन बसले.

आता या बायका चिडतील, असं मुग्धाला वाटलं. मशीन ट्रकमध्ये चढवायला लावतील आणि जिथली तिथे पाठवतील. ट्रकबरोबर आपण स्वतः सालईटोल्याला जायचं, हेही तिने मनाशी ठरवून टाकलं.

सिंधूताईने ताट खाली ठेवलं.

"म्हणजे तुमी सांगतलं नसतं, तर हे घेऊन गेले असते?"

"हो."

सिंधूताई मागे वळली. "बैलाची साखळी आणा वं कोणी."

साखळी आली. बायकांनी ती मशीनच्या पायांतून ओवली, शाळेच्या कडुलिंबाला आवळली आणि कुलूप घातलं. जितेंद्रने पोलिसांना बोलावण्याची धमकी दिली.

"बोलवा," सिंधूताई म्हणाली. "त्याईलेबी पाणी पाजू."

मुग्धा तिच्याजवळ गेली. "सिंधूताई, ही मशीन सालईटोल्याची आहे. त्यांच्याकडे आता हातपंपसुद्धा राहिला नाही."

सिंधूताईने कळशी नळाखाली लावली. वर पाहिलंच नाही. "माह्या सुनेचे पाय पाहिले का तुमी? भिंत धरून चालते ते. मले सालईटोला नका सांगू."

मघाची किळस पुन्हा आली. या वेळी ती सिंधूताईची होती, त्या गर्दी करून कळशा पुढे रेटणाऱ्या बायकांची होती. मुग्धाला वाटलं, या आणि जितेंद्र, फरक काय?

जितेंद्रची गाडी तिला न घेताच गेली. ती गावाबाहेरच्या रस्त्यावर आली आणि तिने मैनाबाईला फोन लावला. काही लपवलं नाही. मशीन दुरुस्तीला कधी गेलीच नव्हती, ती पिंपळझरीत आहे, आणि आता तिथल्या बायका ती सोडणार नाहीत. सगळं सांगून ती शिव्या ऐकायला तयार राहिली.

मैनाबाईने एवढंच विचारलं,

"साखळी लावली म्हणता?"

"हो."

"आमाले सुचलं नाही तसं."

"मैनाबाई, तुमचं पाणी पळवलं त्यांनी. तुम्हाला राग येत नाही?"

"कोणत्या तोंडानं येईन?" मैनाबाई म्हणाली. "आमच्याकडं मशीन उतरवली ना, तवा तिच्या मागच्या अंगाले हळदीकुंकू लागलं होतं. कोण्या तरी गावच्या बायांनी पुजली असन. तुमाले दिसू नये, मशीन वापस जाऊ नये म्हणून मीच पदरानं पुसलं, ताई."