खलास म्हणाला होता

"पाना खाली ठेव आधी!" यम्ना दारात आडवी उभी राहिली. "हिरो समजतोस स्वतःला?"

"आपा, बाजूला हो."

"रोज तोच बंदूकवाला काउबॉय पिक्चर बघायचा, मग डोकं फिरणारच. घोडा कुठे लावलायस? खाली पार्किंग फुल आहे."

रुहान हसला नाही. पायाला प्लास्टर होतं तेव्हा तो सिनेमा त्याला पाठ झाला होता. बक्षिसासाठी माणसं हुडकणारा एकटा शिकारी. शेवटची शिकार मात्र बक्षिसासाठी नाही, बदल्यासाठी.

दाभोळहून बहिणीकडे दुबईत, अल कुसैसला आल्यावर आठवडाही झाला नव्हता, तोच त्याच्या सायकलला धडक देऊन कुणीतरी पळालं. त्याला थोडंच आठवत होतं. पांढरा पिकअप, दारावर हिरवा ससाणा काढलेला. आणि तोंडावर वाकलेला पांढऱ्या दाढीचा अरब म्हातारा. "खलास," म्हणत होता.

मुंबईच्या गॅरेजमध्ये काम केलेल्या पोराला त्याचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. मेला समजून हात झटकले थेरड्याने! नीट शुद्ध आली ती हॉस्पिटलात. कुणीतरी दारात सोडून गेलं होतं म्हणे.

'खलास'चं आपाला सांगितलं नव्हतं. रडली असती.

काल त्याचा दोस्त सुजीतने फोटो पाठवला. तोच ससाणा. तासाभरावरच्या उम्म अल कुवैनमध्ये, मासळी बाजाराच्या मागे.

"फोटो पोलिसांना दे," यम्ना म्हणाली.

"देतो. आधी मी भेटतो."

तिने हात पसरले. तो हाताखालून निसटला, पाना बॅगेत टाकून.

उम्म अल कुवैनची गल्ली रिकामी होती. ऊन, धूळ, अगदी सिनेमातल्यासारखी. पिकअप उभा होता. म्हातारा पाइपने तो धूत होता. रुहान जवळ गेला, बॅगेत हात घातला, पाना घट्ट धरला.

तेवढ्यात एक छोटी मुलगी सायकलवरून धपकन पडली. गुडघा फुटला. तिने भोकाड पसरलं. म्हाताऱ्याने पाइप टाकला, धावत जाऊन तिला उचललं, छातीशी धरून थोपटायला लागला.

"खलास, हबीबती, खलास. खलास."

पोरगी हुंदके देत गप्प झाली.

रुहानचा हात बॅगेतच राहिला. म्हाताऱ्याने वर बघितलं. आधी त्याच्या तोंडाकडे, मग पायाकडे.

"अरे, तुम! पैर ठीक हो गया? वो गाडीवाला तो ठोक के भाग गया, मैंने उठाया. हॉस्पिटल तक तुम कितना रोया था! देखो, सीट पे खून अभी तक है, जाता नहीं."

फोन वाजला. आपा.

"रुहान, काय केलंस तू त्याचं?"

"आपा..." त्याने बॅगेतला पाना सोडून दिला. "खलास, आपा. खलास."

"या अल्ला! कोण खलास?"

"आल्यावर सांगतो. ठेव, मला जायचंय आता. सीट धुवायचीय."