एकही बुडबुडा नाही

मंगळवारी भर दुपारी श्रीरंग ड्राइव्हवेत कॅम्पिंगच्या ट्रेलरपाशी बसून प्रोपेनच्या टाक्यांना साबणाचा फेस लावत होता.

"आज मीटिंग नाही वाटतं?" सीमाने खिडकीतून विचारलं.

"कॅन्सल झाली."

"आणि टाक्या ऑगस्टमध्येच झाकायला घेतल्यास? सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीत जायचंय ना रे?"

"यंदा थंडी लवकर येणार म्हणतात."

"गळतंय का कुठे?"

"नाही. एकही बुडबुडा नाही."

सीमा हसून आत गेली. त्याने व्हॉल्व्ह घट्ट बंद केले, टाक्यांवर झाकण चढवून पट्टा आवळला.

ऑफिसचा लॅपटॉप परत करून चार दिवस झाले होते. नोकरी गेल्यावर व्हिसाच्या नियमाने मिळणाऱ्या साठ दिवसांपैकी देश सोडायला छप्पन्न उरले होते. शनिवारी विकलेला ट्रेलर न्यायला माणूस येणार होता. निदान तोवर तरी सीमाला सांगायला हवं होतं.