नावाड्याचाच पोरगा

ज्ञानू आबा खुर्चीच्या कडेवर टेकले होते. मनात आलं की उठून चालू पडता यावं, अशा बेतानं. त्यांच्या लेकीनं, करुणानं ते पाहिलं आणि लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली.

दिवाळीत तिनं त्यांना मोठ्या हौसेनं बारामतीला सिनेमा दाखवायला नेलं होतं. ज्या कादंबरीवर तो काढला होता, ती आबांचा जीव की प्राण. तीन जाडजूड भाग, आग ओकणारे अजगर, बोलणारी झाडं आणि या सगळ्यातून वाट काढणारा एका नावाड्याचा पोरगा. आबा कालव्यावर पाटकरी होते. पाणी सोडत गावोगाव फिरताना लोक आधी आडनाव विचारायचे, मग चहा कोणत्या कपात द्यायचा ते ठरवायचे. संध्याकाळी शेळगावच्या घरी येऊन आबा हीच कादंबरी लहान करुणाला वाचून दाखवत. "ह्यो आपल्यातला हाय," असं त्या पोराबद्दल म्हणत.

सिनेमात मध्यंतरानंतर म्हाताऱ्या राजानं पोराच्या खांद्यावरची खूण ओळखली, आणि नावाड्याचा पोरगा निघाला राजपुत्र. थिएटरात टाळ्या पडल्या. आबा उठले ते थेट एसटी स्टँडवर जाऊन बसले. घरी आल्यावर त्यांनी तिन्ही भाग माळ्यावर टाकले आणि पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. करुणाला ते फार लागलं. तिची आणि आबांची, दोघांचीच म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

म्हणून तिनं सिनेमा पुस्तकाप्रमाणे कापायला घेतला. कापाकापी तिच्या डाव्या हातचा मळ. इंदापूर-बारामतीकडच्या लग्नांचे व्हिडिओ तीच जुळवून द्यायची. मानपानावरून रुसून गेलेला मामा ती व्हिडिओतून असा काढायची की आपण लग्नाला गेलो होतो का, अशी खुद्द मामालाच शंका यावी. राजपुत्र तो काय अवघड! खूण गेली, म्हातारा राजा गेला, जिथं जिथं कुणी 'राजकुमार' म्हणत होतं तिथला आवाज गेला.

एका जागी मात्र तिचं घोडं अडलं. शेवटी पोरगा उसनी घेतलेली तलवार परत द्यायला दरबारात जातो. पुस्तकात तिथं त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. सिनेमात अख्खा दरबार त्याच्यापुढं गुडघे टेकतो. दरबार काढावा तर तलवारही जात होती, आणि गोष्टीला शेवटच उरत नव्हता. तिनं तो तुकडा तसाच ठेवला होता. आबांना हे सांगायचं धाडस तिला झालं नव्हतं.

सिनेमा सुरू झाला. राजाला जिथून उडवलं होतं, नेमक्या त्या सांध्यावर पडदाभर गुलाबाच्या पाकळ्या भिरभिरल्या. करुणानं कपाळाला हात लावला. लग्नाच्या व्हिडिओत सांधा झाकायची तिची सवय इथंही नडली होती.

"हे कुणाच्या लग्नातलं?" आबांनी विचारलं.

"चुकून राहिलं. काढते."

"म्हातारा राजा हितंच हुता न्हवं?"

"व्हय. काढला त्याला."

आबांनी नुसती मान हलवली, पण ते खुर्चीत जरा मागे सरकून बसले. भागुबाई चहा घेऊन आली आणि नवऱ्याला म्हणाली, "लग्नसराईत आलेली गिऱ्हाइकं परत पाठवलीत पोरीनं ह्याच्यापायी. शेवटपतुर बसा म्हणजे झालं."

आबा बसले. अजगर मेला, नदी शांत झाली. ओल्या कपड्यांनी, हातात तलवार घेऊन पोरगा दरबाराच्या पायऱ्या चढायला लागला, तशी करुणा पडदा सोडून आबांकडे बघू लागली. सरदार, राण्या, पहारेकरी, सगळे एकामागून एक गुडघ्यावर बसले.

आबा ताडकन उठले.

"आबा, हे पुस्तकात न्हाय, ठावं हाय मला," करुणा घाईनं म्हणाली. "पण काढताच येईना. अजून बघते काय जमतंय का."

"थांब." आबा दाराकडे नव्हे, टीव्हीकडे गेले होते. "ह्या लोकांस्नी म्हाईत हाय का, ह्यो कुणाचा कोण ते?"

करुणाला आधी प्रश्नच कळला नाही. मग ती सावकाश म्हणाली, "न्हाय. खूणच न्हाय आता. राजकुमार म्हणून कुणी हाकबी मारली न्हाय त्याला."

"म्हंजी त्यांच्या लेखी ह्यो नावाड्याचाच."

"नावाड्याचाच."

आबा पडद्याजवळ उभे राहिले. भरजरी कपड्यांतली सगळी डोकी खाली झुकली होती. करुणानंही मान वर करून पाहिलं. ती नुसती एकेक तुकडा काढत गेली होती. हे असं काही होऊन बसेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"पुस्तकापरमाणं करायचं तर हे काढावं लागंल," ती म्हणाली. "काढू?"

"नगं. पुस्तकवाल्याला सुचलं न्हाय हे. जरा मागं घे."

तिनं मागं घेतलं. दरबार उठून उभा राहिला, पोरगा पुन्हा पायऱ्या चढून आला आणि दरबार पुन्हा गुडघ्यावर बसला. आबांची नजर हलली नाही.

"आजून एकदा लाव," ते म्हणाले. "ह्या बारीला सावकाश लाव. एकेकाला नीट बसू दे."