निळ्या चिठ्ठीची कोंबडी

पवनचक्क्यांच्या पात्यांना धडकून मेलेली पाखरं जनावरांनी नेण्याआधी कुठे किती दिवस टिकतात ते बघायला मी माचाकोस गावाजवळ तीन जागी मेलेल्या पांढऱ्या कोंबड्या ठेवल्या, पायाला निळी चिठ्ठी बांधून. मक्यातली एका रात्रीत गेली, गवतातली तिसऱ्या दिवशी. खडकाळ टेकडीवरून मात्र राखणदार मुसेम्बीबाबांचा आठवड्याला फोन यायचा, "आहे, बाई, जागेवर!" चाळिसाव्या दिवशी हरखून टेकडी चढले. चिठ्ठी तीच, पण कोंबडी ताजी आणि चक्क काळी! "बाबा, हे काय?" त्यांनी टोपी काढली. "तुमची कोल्ह्यानं दुसऱ्याच दिवशी खाल्ली. मी राखणीला असताना चोरी म्हणजे नाकच कापलं की! मग घरची मारून ठेवली, तर कोल्हा चटावला. ही सातवी. बायकोनं अबोला धरलाय. आता फक्त कोंबडा उरलाय. तुमचा अभ्यास संपणार कधी?" झोपडीमागून कोंबडा आरवला. मी वही मिटली. "आजच संपला, बाबा."