मापाचं जॅकेट

"मासा सुटला ना!" शर्वाणी खोकत खाडीतून काठावर आली, तेव्हा नवरा आधी हेच म्हणाला.

गळाला लागलेल्या तांबोशीनं हिसका दिला आणि तिची कयाक, ती चिंचोळी वल्ह्याची होडी, उलटली होती. पाण्यात लाइफ जॅकेट वर सरकून तिच्या नाकातोंडावर चढलं. श्वासच मिळेना. शेवटी एका होडीवाल्यानं तिला ओढून काढलं. जॅकेट नवऱ्याच्या मापाचं होतं. "दोघांना चालेल," म्हणत त्यानं तिला न विचारताच आणलं होतं.

"एवढी काय चिडतेस? बुडली नाहीस ना?"

ती ओल्या कपड्यांनिशी थेट जॅकेटच्या दुकानात गेली. नवरा मागोमाग. दुकानदारानं त्यालाच विचारलं, "मॅडमना कुठलं दाखवू?"

"मला विचारा!" ती कडाडली. एकेक जॅकेट घालून पाहिलं. एक अंगाला नेमकं बसलं. पट्टे आवळून ती नवऱ्याला म्हणाली, "जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढ. जोरात!"

त्यानं ओढलं. जॅकेट तसूभरही हललं नाही.

"झालं समाधान? आता रविवारी जोडीनं मोठा मासा काढू," तो हसला.

"मी काढीन. तू काठावर बस."

रविवारी ती एकटीच खाडीत उतरली. राग मात्र उतरला नव्हता.