कडुलिंबाखालची जीप

फरीदाबादच्या त्या सोसायटीत माणसांपेक्षा गाड्या जास्त, आणि त्यातली कडुलिंबाखालची एकमेव सावलीची जागा श्यामकांतच्या बंद पडलेल्या जुन्या जीपनं कधीची धरून ठेवलेली. मेकॅनिकला हात लावू द्यायचा नाही, हा त्याचा बाणा. दर रविवारी मोबाइलवर व्हिडिओ बघत तो जीपखाली शिरायचा आणि ग्रीसनं माखून बाहेर आला की बायकोला, मीनाक्षीला, सांगायचा, "बस, एकदा सुरू होऊ दे. डोंगर चढेल, नदीतून जाईल, ही कुठंही अडणार नाही."

या रविवारी त्यानं स्टार्टर खोलून पुन्हा बसवला, किल्ली फिरवली आणि जीप चक्क गुरगुरली. मीनाक्षीचा कानांवर विश्वास बसेना. तिनं पटापट पुरीभाजीचा डबा भरला. लेकीला, उत्तराला, पानिपतचं स्मारक कधीचं बघायचं होतं, ती उडी मारून मागं बसली. "बाबा, चलो ना आता."

श्यामकांतनं छाती फुगवून पहिला गिअर टाकला आणि सवयीनं आरशात पाहिलं. मागं तिसऱ्या मजल्यावरचे खन्नाजी आपली नवीकोरी गाडी घेऊन थांबले होते, इंडिकेटर चालू ठेवून. काच खाली करून त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं, "भाईसाहब, निकल रहे हो ना?"

श्यामकांतनं इंजिन बंद केलं.


"क्लचमध्ये अजून जरा गडबड वाटतेय," तो म्हणाला, आणि पानिपतला जायला टॅक्सी मागवली.