सरळ नाक

अस्पृश्यांसाठी हौद खुला करणाऱ्या सटवाजी मास्तरांच्या पुतळ्याचा चेहरा सोलापुरात कुणीतरी फोडला होता. १९७४ साली मूर्तिकार चन्नवीरने तो दुरुस्त केला आणि मास्तरांच्या पत्नीला, बजाबाईंना, बघायला बोलावलं.

बजाबाई गोंधळल्या. “हे आमचं मास्तर न्हाईत.”

चन्नवीरही गोंधळला. त्याने फोटो पुढे केला. “यावरूनच केलंय की, आई.”

“कवाचा हाय ह्यो?”

“हौदाच्या सत्याग्रहाआधीचा.”

“सत्याग्रहातच मारून नाक मोडलं त्यांचं. आमचं लगीन त्याच्यानंतर झालं.”

“मग नाक वाकडं करू का?”

बजाबाईंनी पुतळ्याच्या सरळ नाकावरून हळूच बोट फिरवलं.

“असं दिसायचं व्हय ते?”